गुडघ्याला लेझर अ‍ॅक्युपंक्चर: भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी

पोलीस भरतीची जाहिरात आली, की महिन्याभरात माझ्याकडे गुडघे यायला लागतात. साताऱ्यात मी गेली एकोणीस वर्षं फिजिओथेरपी करते. अ‍ॅक्युपंक्चर नंतर शिकले, लेझर त्याच्याही नंतर घेतला. येणारी मुलं वीस ते पंचवीस वर्षांची. मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर धावायचं असतं, मुलींना ८००. त्यासाठी पहाटे उठून कुणी यवतेश्वरच्या घाटात पळतं, कुणी गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर. आदल्या महिन्यापर्यंत दिवसभर अभ्यासाला बसलेली ही पोरं एकदम रोज सहा-सात किलोमीटर पळायला लागतात, आणि वाटीच्या आसपास ठणका सुरू होतो. मग मित्र सांगतो, ‘लेझर घे. सुई नाही, दुखत नाही, दोन दिवसांत मोकळा होशील.’

लेझर अ‍ॅक्युपंक्चरमध्ये सुईच्या जागी ठरावीक बिंदूंवर लेझरचा प्रकाश देतात, म्हणून सुई नाही हे खरं आहे. दुखत नाही हेही खरं. दोन दिवसांत मोकळा, हे मात्र कुणी सांगितलं तर ऐकू नका. लेझर घ्यायचाच असेल तर तो कसा घ्यावा, आधी काय बघावं आणि कधी थांबावं, ते मी माझ्याकडे येणाऱ्यांना सांगते तसंच इथे लिहिते.

आधी एका बोटाने दाखवा

खाली बसा, गुडघा वाकवा आणि नेमकं कुठे दुखतं ते एका बोटाने दाखवा. पुष्कळांना ते जमत नाही. ते सगळा तळवा वाटीवर ठेवतात आणि म्हणतात, ‘इथे आतमध्ये, सगळीकडे.’ जिने उतरताना, उकिडवं बसताना, एसटीत दोन तास पाय दुमडून बसल्यावर हे वाढतं. बहुतेक वेळा हे वाटीमागचं दुखणं असतं. तुमच्या वयात सगळ्यात जास्त मी हेच बघते. बोट बरोबर वाटीच्या खालच्या टोकाशी गेलं आणि दाबल्यावर तोंडातून ‘स्स’ निघालं, तर वाटीखालच्या कंडरेवर, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीवर, ताण आलेला असतो. खो-खो आणि व्हॉलीबॉलवाल्यांचं हे ठरलेलं दुखणं. बाहेरच्या अंगाला, आणि तेही ठरावीक अंतर पळाल्यावर, विशेषतः उतारावर दुखत असेल, तर मांडीच्या बाहेरून येणारा पट्टा तपासावा लागतो.

या तिन्हींसाठी लेझरचा विचार करता येतो. पण पुढचं काही असेल तर लेझरवाल्याकडे न जाता सरळ हाडांच्या डॉक्टरांकडे जा: गुडघा मध्येच अडकतो आणि सरळ होत नाही, चालताना दगा देतो, पाय मुरगळला तेव्हा ‘कट’ असा आवाज आला आणि काही तासांत गुडघा फुगला, गुडघा गरम आणि लाल आहे, ताप आहे, किंवा पळण्याशी काही संबंध नसताना रात्री झोपेतून उठवणारं दुखणं आहे. हे शेवटचं तर अजिबात अंगावर काढू नका. तरुण वयात हाडाची गाठ गुडघ्याच्या आसपासच जास्त सापडते. ती क्वचित असते, पण एका एक्स-रेने संशय येतो किंवा फिटतो. मग त्यासाठी दोन महिने का घालवायचे?

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी कबड्डी खेळणारी एक मुलगी आली होती. आतल्या बाजूला दुखत होतं. मी चार वेळा लेझर दिला आणि तिला बरं वाटत होतं. पाचव्या वेळी ती सहज बोलून गेली, ‘ताई, मध्येच अडकतो ना, तेव्हा मी हाताने हलवून सोडवते.’ गुडघ्यातली गादी फाटली होती. हा प्रश्न मी तिला पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. विचारला नाही, आणि तिचे तीन आठवडे गेले. तेव्हापासून कपडे वर करायच्या आधी, खुर्चीत बसल्या बसल्या, मी पहिला प्रश्न हाच विचारते. तुम्हाला ज्याने विचारला नसेल त्याला तुम्ही आपणहून सांगा.

कुणाकडे जायचं

महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली राज्याची परिषद आहे. उपचार देणाऱ्याला नोंदणी क्रमांक विचारा. विचारण्यात उद्धटपणा काही नाही, मला विचारलं की बरंच वाटतं. ही विद्या आपल्याकडे आली त्यात सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या सोबत्याचा हात आहे, हे फार जणांना माहीत नसतं. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांत कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि बंगालचे डॉ. बिजयकुमार बसू होते. कोटणीस १९४२ मध्ये तिकडेच वारले. बसू परत आले, आणि १९५०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन अ‍ॅक्युपंक्चर शिकून त्यांनी ते कोलकात्यात सुरू केलं.

दहा-पंधरा सत्रांचं पॅकेज पहिल्याच दिवशी कुणी गळ्यात मारत असेल तर उठून या. चार सत्रांनंतर पुढचं ठरवू, असं म्हणणारा माणूस शोधा.

खोलीत काय होतं

पहिली गोष्ट चष्मा. उपचाराचा लेझर बहुधा ३-बी वर्गातला असतो, म्हणजे ५ ते ५०० मिलिवॅटचा. त्याने कातडी सहसा भाजत नाही, पण सरळ किंवा चकाकीवरून उलटून डोळ्यात गेला तर पडद्याला कायमची इजा करू शकतो. माझं यंत्र ८०८ नॅनोमीटरचं आहे, म्हणजे त्याच्या प्रकाशाची तरंगलांबी तेवढी. तो अवरक्त प्रकाश डोळ्याला दिसतच नाही, आणि दिसत नाही म्हणून पापणीही मिटत नाही. यंत्रावर जो नॅनोमीटरचा आकडा असतो, तो चष्म्याच्या काचेवर किंवा दांडीवर छापलेल्या पट्ट्यात बसतो का ते स्वतः वाचा. काळा गॉगल चालत नाही. चष्मा तुम्हालाही हवा, देणाऱ्यालाही हवा आणि सोबत आलेली आई खोलीत बसली असेल तर तिलाही. पैंजण, स्टीलचं घड्याळ मी काढायला लावते, आणि भिंतीवर आरसा नको.

मग गुडघा पुसायचा. निम्मी मुलं बाम चोळून येतात. कुणी तीळतेल, कुणी घरचा लेप. तो थर राहिला तर प्रकाश आत जायच्या आधीच विखुरतो. मी ओल्या कापडाने पुसते, कोरडं करते. त्या जागी गोंदवलेलं असेल तर सांगा. गडद रंग प्रकाश शोषतो आणि तिथे चटका बसू शकतो. मुरमांसाठी डॉक्सिसायक्लिन किंवा आयसोट्रेटिनॉइन चालू असेल तेही सांगा, कारण काही औषधांनी कातडी उजेडाला हळवी होते. मुली हे गुडघ्याच्या दवाखान्यात का सांगायचं म्हणून सांगत नाहीत. गर्भारपण, फिट येणं, कर्करोगाचा इतिहास, हेही आधी बोलायचं.

आता बिंदू. गुडघा काटकोनात वाकवून बसा आणि वाटीखाली बघा. दोन्ही बाजूंना दोन खळगे दिसतील. चिनी भाषेत त्यांना गुडघ्याचे डोळेच म्हणतात. बाहेरच्या डोळ्याला एसटी ३५ असा क्रमांक आहे. एसटी, जीबी, एसपी ही जठर, पित्ताशय आणि प्लीहा या मार्गांची इंग्रजी आद्याक्षरं. तिथून आपली चार बोटं आडवी खाली ठेवा आणि नडगीच्या धारेपासून अंगठ्याएवढं बाहेर सरका: एसटी ३६, झुसानली. नावाचा अर्थ पायाचे तीन ‘ली’. ली हे अंतराचं माप आहे. थकलेल्या वाटसरूने हा बिंदू दाबला तर तो आणखी तीन ली चालतो, असं सांगतात. बाहेरच्याच अंगाला हाडाचं जे बोंड हाताला लागतं, त्याच्या किंचित पुढे आणि खाली जीबी ३४. आतल्या बाजूने नडगीच्या कडेवर बोट फिरवत वर न्या, हाड जिथे वळून रुंद होतं आणि बोट खड्ड्यात अडकतं तिथे एसपी ९. वाटीच्या आतल्या वरच्या कोपऱ्यापासून दोन अंगठे वर एसपी १०. हे पाच आणि आतला डोळा धरून सहा. यातला कुठला दाबल्यावर दुखतो ते बघून मी कमीजास्त करते, आणि कंडरेचं दुखणं असेल तर नेमक्या दुखऱ्या जागीही देते. अंगठा आणि बोटं मापाला घ्यायची ती रुग्णाची, देणाऱ्याची नाही. प्रत्येकाचं माप त्याच्या शरीरात असतं.

प्रोबचं, म्हणजे यंत्राच्या हातात धरायच्या दांडीचं, टोक कातडीला काटकोनात टेकवून किंचित दाबून धरायचं असतं. वरून टॉर्चसारखं फिरवणं म्हणजे बराच प्रकाश वाया. तुम्हाला काहीही जाणवणार नाही, झालंच तर हलकी ऊब. चटका बसला तर लगेच बोला.

आणि एक हिशोब शिकून ठेवा. मिलिवॅट गुणिले सेकंद, भागिले हजार, म्हणजे ज्यूल. माझं यंत्र १०० मिलिवॅटवर ४० सेकंद एका बिंदूवर राहिलं तर ४ ज्यूल जातात. सहा बिंदूंना चार मिनिटं. आता बाजारात लेझर पेन म्हणून मिळतं ते बघा. बहुतेकांची ताकद ५ मिलिवॅटच्या आसपास. तेवढेच ४ ज्यूल द्यायला त्याला एका बिंदूवर ८०० सेकंद धरावं लागेल, म्हणजे तेरा मिनिटांहून जास्त, आणि सहा बिंदूंना सव्वा तासाच्या वर. ताकद जास्त असलेलं पेन घेतलं तर डोळ्याचा धोका घरात आला, आणि धाकटा भाऊ ते खेळायला घेणारच. घरी पेन घेऊ नका. त्या पैशांत बूट घ्या.

पुरावा काय म्हणतो

हे मी कुणापासून लपवत नाही. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या संशोधकांनी जुन्या गुडघेदुखीच्या २८२ जणांवर चाचणी केली आणि ती २०१४ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात आली. काहींना सुया, काहींना लेझर, काहींना बंद ठेवलेला खोटा लेझर, काहींना काहीच नाही. बारा आठवड्यांनी सुया आणि लेझर दोन्ही खोट्या लेझरपेक्षा सरस ठरले नाहीत. ते सगळे पन्नाशीचे किंवा पुढचे होते, आणि एका बिंदूला दिलेली ऊर्जा ०.२ ज्यूल होती, माझ्या मापाच्या विसाव्या भागाएवढी. तेवढ्यावरून तरुण गुडघ्याबद्दल निकाल देता येत नाही. पण वाटीमागच्या दुखण्याबद्दल अमेरिकेतल्या फिजिओथेरपिस्टांनी २०१९ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: खुबा आणि गुडघा दोन्हींचे व्यायाम द्या, लेझरसारख्या उपकरणांवर विसंबू नका.

मग मी देते कशाला? कारण दुखणं दहाच्या मापात सहा असेल तर पोरगं व्यायाम करत नाही. ते घाबरलेलं असतं. काहींना लेझरने दोन-चार दिवस दुखणं उतरतं, आणि त्या दोन-चार दिवसांत मला त्यांच्याकडून पहिल्यांदा भिंतीला टेकून बसण्याचा व्यायाम नीट करून घेता येतो. त्या उतारात मनाचा वाटा किती आणि प्रकाशाचा किती, हे मी वेगळं करून दाखवू शकत नाही. म्हणूनच लेझर एकटा मी कधीच देत नाही.

जावळी तालुक्यातला एक मुलगा, बावीस वर्षांचा. मैदानाला सात आठवडे राहिले होते. गुडघ्याला ताणाची पट्टी, बामाचा वास, आणि चेहऱ्यावर असं काही की आपणच धीर द्यावा. घरात पहिलाच भरतीला उतरलेला. दुसऱ्या लेझरनंतर दुखणं सहावरून तीनवर आलं. मी सांगितलं होतं, आठवडाभर पळायचं नाही, नुसतं सपाटीवर चालायचं. तो दुसऱ्याच दिवशी १६०० मीटरच्या चार फेऱ्या घड्याळ लावून पळाला. तिसऱ्या दिवशी आला तेव्हा कठड्याला धरून पायऱ्या चढत होता. ‘ताई, दुखत नव्हतं म्हणून पळालो.’ दुखणं उतरणं वेगळं आणि गुडघ्याला भार पेलता येणं वेगळं. पहिलं दोन दिवसांत होतं, दुसऱ्याला आठवडे लागतात. त्या दिवशी मी त्याला लेझर दिलाच नाही. आम्ही वही काढली.

वही

साधी शंभर पानी वही. रोज तीन आकडे. सकाळी उठल्यावर पहिला जिना उतरताना दहापैकी किती दुखलं. अर्धा तास गुडघे दुमडून बसून उठताना किती. आणि त्या दिवशी किती मीटर चाललात-पळालात. लेझर घेतला त्या दिवसापुढे फक्त एक गोल काढायचा. लेझर सुरू करायच्या आधी निदान चार दिवस ही वही भरा, नाहीतर तुलना कशाशी करणार? आठवड्यातून दोनदा, असे चार लेझर झाले की वही उघडायची. जिन्याचा आकडा दोनने तरी खाली आला असेल तर आणखी चार देते. एखाद्या आकड्याने हलला असेल तर त्यावर भरवसा ठेवत नाही. काहीच हललं नसेल तर मी लेझर बंद करते आणि पैसे वाचले म्हणून सांगते. आठच्या पुढे मी सहसा कुणाला देत नाही.

व्यायाम मात्र पहिल्या दिवसापासून. भिंतीला पाठ टेकून, दुखणार नाही इतकंच खाली सरकून, वीस-तीस सेकंद थांबायचं, पाच वेळा. पाठीवर निजून गुडघे वाकवून कंबर उचलायची, दहा-दहाच्या तीन फेऱ्या. कुशीवर निजून वरचा पाय सरळ ठेवून उचलायचा, टाच किंचित मागे. याने खुब्याचा बाहेरचा स्नायू घट्ट होतो, आणि पळताना गुडघा सावरायला मदत होऊ शकते. दोन आठवड्यांनी पायरीच्या कडेवर उभं राहून दुसऱ्या पायाची टाच सावकाश खाली टेकवायची, तीनपर्यंत मोजत. आरशासमोर करा. गुडघा अंगठ्याकडे ढळतो की बोटांच्या वर सरळ राहतो, ते स्वतःला दिसलं पाहिजे. व्यायाम करताना दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते जागेवर आलं पाहिजे. नाही आलं, तर आदल्या दिवशी जास्त झालं.

पळणं परत सुरू करताना आधी मैदान. मैदानाची माती डांबरापेक्षा बरी. शंभर मीटर पळा, शंभर चाला. पावलं लहान आणि जलद टाका. मिनिटाला पावलं मोजा आणि पाच ते दहा टक्के वाढवा, म्हणजे १६० पडत असतील तर १७०. लांब ढांग टाकली की टाच पुढे आपटते आणि वाटीमागे भार वाढतो. घाटाचा उतार सगळ्यात शेवटी. अजिंक्यताऱ्यावर चढून जा, पण पहिला महिनाभर उतरताना पळू नका.

जावळीच्या त्या मुलाला एकूण सहा लेझर दिले. पाचव्या आठवड्यात वहीत जिन्यापुढे एकचा आकडा होता, आणि गोल दोन पानं मागे राहिले होते. तो मैदानात उतरला, धावला. त्या वर्षी लेखीत राहिला, आणि पुढच्या जाहिरातीला आपणहून तीन महिने आधी वही घेऊन आला. दुखत काहीच नव्हतं. पळणं कसं वाढवायचं ते लिहून न्यायला आला होता.

पहिल्यांदा येताना हाफ पँट घालून या, बाम लावून येऊ नका, चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका. आणि ज्यात पळता ते बूट आणा, धुऊन नको, तसेच. मी आधी तळ बघते.